शेंगाचटणी बंद करायच्या आधी रिपोर्ट नीट वाचा

सोलापुरात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी चौदा वर्षं काम करतोय. सकाळी रक्त काढतो आणि संध्याकाळी काउंटरवर रिपोर्ट पण मीच देतो, त्यामुळं लिपिड प्रोफाईलचा, म्हणजे रक्तातल्या चरबीच्या तपासणीचा, कागद हातात पडला की माणसाचा चेहरा कसा उतरतो ते रोज बघतो. चार-पाच आकडे असतात, त्यातला एखादा ठळक छापलेला असतो, आणि माणूस तिथं उभ्या उभ्याच ठरवून टाकतो की उद्यापासून अंडं बंद, मटण बंद, तेल बंद, शेंगाचटणी बंद.

मागच्या महिन्यात एक मामा आले होते, पूर्व भागातले, सगळं आयुष्य मागावर गेलेलं. टोटल कोलेस्टेरॉल २३८. कागद दोन्ही हातात धरून मला विचारतात, "काय ओ भाऊ, आता शेंगाचटणी पण सोडायची का?" मी म्हणलं मामा बसा जरा, आणि गर्दी नव्हती म्हणून त्यांना कागद उलटा करून मागं चित्र काढून सगळं समजावलं. तेच इथं लिहितोय. मी डॉक्टर नाही, औषधाचं तुमच्या डॉक्टरांनाच विचारा, पण कागदावरचे आकडे काय बोलतात आणि ताटातलं नेमकं काय त्याला कारणीभूत असतं एवढं मला चांगलं माहितीय.

पहिली गोष्ट चटणीचीच. शेंगदाण्यात कोलेस्टेरॉल नसतं. करडईत नसतं, सूर्यफुलात नसतं, खोबऱ्यात पण नसतं. कोलेस्टेरॉल ही प्राण्यांच्या शरीरात तयार होणारी वस्तू आहे, म्हणजे अंड्याचा पिवळा, मटण, कलेजी, भेजा, दूध, तूप, लोणी यात ते असतं आणि झाडापासून आलेल्या वस्तूत धरण्यासारखं नसतंच. तेलाच्या पिशवीवर हृदयाचं चित्र काढून मोठ्या अक्षरात 'कोलेस्टेरॉल फ्री' लिहिलेलं असतं ना, ते खरंच असतं, पण ते कुठल्याही तेलाबद्दल खरं असतं, त्यावरून ते तेल दुसऱ्या तेलापेक्षा चांगलं असं काही ठरत नाही.

दुसरी गोष्ट, कोलेस्टेरॉल म्हणजे विष नाही. शरीरातल्या प्रत्येक पेशीच्या पडद्यात ते लागतं, काही हार्मोन त्यापासून बनतात, ड जीवनसत्त्व बनतं, पचनाला लागणारं पित्त बनतं. इतकं गरजेचं आहे म्हणून शरीर खाण्यावर अवलंबून राहतच नाही, बहुतेक सगळं स्वतःच तयार करतं, आणि त्यात लिव्हरचा वाटा मोठा. आपण खाण्यातून जास्त घेतलं तर लिव्हर आपलं काम थोडं कमी करतं. म्हणून बहुतेक लोकांच्या बाबतीत एक अंडं खाल्लं, ज्यात १८०-२०० मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असतं, तर रक्तातला आकडा त्या हिशोबानं उडी मारत नाही. काही लोकांचा वाढतो, ते आधी ओळखता येत नाही, पण सगळ्यांचा तसा वाढत नाही.

मग रक्तातलं वाढतं कशानं? इथंच खरी गंमत आहे आणि हेच मामांना समजवायला मला वेळ लागला.

कोलेस्टेरॉल चरबीसारखं असल्यामुळं रक्तात विरघळत नाही, ते वाहून न्यायला गाड्या लागतात. त्या गाड्यांपैकी एक म्हणजे एलडीएल. आता आपल्या मार्केट यार्डाचं डिसेंबर-जानेवारीतलं चित्र डोळ्यासमोर आणा. कांद्याच्या गाड्या येत राहतात, यार्डाचं गेट उघडं असलं, आत माल उतरला की गाडी मोकळी, रस्ता मोकळा. पण गेट बंद केलं, लिलाव थांबला, की हैदराबाद रोडला गाड्यांची रांग लागते आणि ती रांग काय कांदा जास्त पिकला एवढ्यामुळंच लागत नाही, गेट बंद म्हणून पण लागते. आणि उभ्या गाडीत कांद्याचं काय होतं ते शेतकऱ्याला विचारा, दोन दिवसात खालून पाणी सुटतं, वास मारतो.

लिव्हरवर अशीच गेटं असतात, रक्तातलं एलडीएल पकडून आत ओढून घेणारी. त्यांना रिसेप्टर म्हणतात. ती शोधून काढल्याबद्दल मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन या दोन अमेरिकन डॉक्टरांना १९८५ चं नोबेल मिळालं. आपण खातो त्यातली सॅच्युरेटेड फॅट म्हणजे संपृक्त चरबी काय करते, तर ही गेटं कमी करते. मग एलडीएलच्या गाड्या रक्तात फिरत राहतात, जास्त वेळ राहतात, हळूहळू रक्तवाहिनीच्या अस्तरात शिरतात आणि तिथं अडकून खराब होतात. शरीर त्यांना साफ करायला पेशी पाठवतं, त्या पेशी चरबी खाऊन फुगतात, आणि भिंतीच्या आत गाठ तयार होते. पाईपात गाळ साचतो तसं वरून साचत नाही हे लक्षात घ्या, भिंतीच्या आत साचतं, आणि ती गाठ एक दिवस फुटली की तिच्यावर रक्ताची गुठळी बसते आणि अटॅक येतो. हे सगळं वीस-तीस वर्षं चाललेलं असतं आणि माणसाला काही कळत नाही, दुखत नाही, चक्कर येत नाही. मला काही त्रास नाही म्हणजे माझं कोलेस्टेरॉल नॉर्मल, असं म्हणणारे रोज भेटतात म्हणून हे मुद्दाम सांगतोय.

म्हणजे ताटाकडं बघताना यात कोलेस्टेरॉल किती हा प्रश्न दुसरा, यातली चरबी कुठल्या जातीची हा पहिला.

जात ओळखायची घरगुती खूण आहे. थंडीत बघा, खोबरेल तेलाची बाटली घट्ट होते, तुपाचा डबा तर दगड होतो, पण करडईचं तेल तसंच वाहतं. सॅच्युरेटेड चरबीचे रेणू सरळ असतात, घडी घातलेल्या चादरी कशा एकावर एक गच्च बसतात तसे बसतात आणि गोठतात. अनसॅच्युरेटेड चरबीच्या रेणूला मधी वाक असतो, वाकड्या काटक्यांची मोळी कितीपण आवळा ती गच्च बसत नाही, तशी ती पातळ राहते. तुपात साधारण ६० टक्के सॅच्युरेटेड, खोबरेल तेलात ८० च्या वर, पामतेलात निम्म्याच्या आसपास, शेंगतेलात १७ ते २० टक्के आणि करडईत दहाच्या आत. करडई आपल्या जिल्ह्यातलं पीक, आमची आजी त्याच तेलात सगळं करायची, मधल्या काळात लोकांनी सोडलं आणि स्वस्त म्हणून पामतेल घरात आलं. मला याचं वाईट वाटतं.

रात्री मटण केलंत तर उरलेला रस्सा फ्रीजमध्ये ठेवा आणि सकाळी झाकण उघडून बघा. वर जो पांढरा थर जमलेला असतो, बोट लावलं की मेणासारखा चिकटतो, तीच ही चरबी. चमच्यानं तो थर अख्खा निघतो, काढून टाका आणि मग रस्सा गरम करा. चव मसाल्यात असते, काळ्या तिखटात असते, ती कुठं जात नाही. आमच्या घरी आता आखाडात पण मटण आदल्या रात्रीच शिजतं. कलेजी आणि भेजा मात्र वेगळी गोष्ट आहे, भेज्यात १०० ग्रॅमला हजार मिलिग्रॅमच्या वर कोलेस्टेरॉल असतं, ज्याचं एलडीएल आधीच वाढलंय त्यानं तो नाद सोडावा असं मला स्पष्ट वाटतं.

अंड्याबद्दल अमेरिकेत बराच गोंधळ झाला आणि तो व्हॉट्सॲपवरून आपल्याकडं पण आला. तिथल्या हार्ट असोसिएशननं १९६८ पासून दिवसाला ३०० मिलिग्रॅमच्या आत कोलेस्टेरॉल आणि आठवड्याला तीन अंडी असं सांगितलं होतं. २०१५ च्या सरकारी आहार पुस्तिकेतून तो ३०० चा आकडा काढला गेला, लगेच इकडं मेसेज फिरले की कोलेस्टेरॉल ही सगळी फसवणूक होती, आता लोणी खा, तूप प्या. पण त्याच पुस्तिकेत कोलेस्टेरॉल जमेल तेवढं कमीच खा असं पण लिहिलेलं होतं आणि सॅच्युरेटेडची मर्यादा तशीच ठेवली होती, ते कुणी फॉरवर्ड केलं नाही. तब्येत चांगली असलेल्या माणसाला दिवसाला एक अंडं चालतं. शुगर आहे, एलडीएल वाढलेलं आहे, तर डॉक्टरांना विचारून ठरवा. पांढरा भाग कितीपण खा, त्यात कोलेस्टेरॉल नसतंच.

आता कागदावर या. मामांचा रिपोर्ट होता असा: टोटल २३८, एचडीएल ३८, ट्रायग्लिसराईड (ही रक्तातली दुसरी चरबी) २१०. बऱ्याच लॅबमध्ये एलडीएल वेगळं मोजत नाहीत, हिशोबानं काढतात. ट्रायग्लिसराईडला पाचानं भागायचं, ४२ आले, ते आणि एचडीएल टोटलमधून वजा करायचं, उरले १५८. हे एलडीएल. १०० च्या आत असलं तर चांगलं, १६० च्या वर गेलं की जास्त, १९० च्या वर म्हणजे थांबायचंच नाही, डॉक्टर. ज्याला आधी अटॅक येऊन गेलाय किंवा अँजिओप्लास्टी झालीय त्याला डॉक्टर ७० किंवा त्याच्यापण खाली आणायला सांगतात, त्यामुळं शेजाऱ्याचा नॉर्मल तो आपला नॉर्मल असं नसतं. अजून एक सोपा आकडा, टोटलमधून फक्त एचडीएल वजा करा, मामांचे २०० आले, हे नॉन-एचडीएल, म्हणजे नुकसान करणाऱ्या सगळ्या गाड्या मिळून. हे १३० च्या आत पाहिजे.

एचडीएल म्हणजे उलटी वाहतूक करणारी गाडी, जास्तीचं कोलेस्टेरॉल परत लिव्हरकडं नेणारी. पुरुषात ४० च्या वर आणि बायकांत ५० च्या वर पाहिजे. आपल्या लोकांत ते कमीच सापडतं. आयसीएमआरचा इंडियाब नावाचा मोठा सर्व्हे आहे, त्याचे २०१४ मध्ये छापून आलेले आकडे महाराष्ट्र, तामिळनाडू, झारखंड आणि चंदीगड इथले होते, त्यात शंभरात ७९ लोकांचा कुठला ना कुठला लिपिडचा आकडा बिघडलेला होता. पण टोटल कोलेस्टेरॉल वाढलेले शंभरात चौदाच, आणि एचडीएल कमी असलेले ७२. मी कागद वाटतो त्यात मला हेच दिसतं. टोटल १८० बघून माणूस खुश होऊन जातो आणि खाली एचडीएल ३१ लिहिलेलं असतं ते बघतच नाही. एचडीएल वाढवायच्या गोळ्यांनी अटॅक काही कमी झाले नाहीत, चालणं, पोट कमी करणं, विडी-सिगरेट-मावा सोडणं हेच उपाय.

ट्रायग्लिसराईडबद्दल मात्र मला जास्त बोलायचंय, कारण ते मी डोळ्यांनी बघतो. रक्त काढलं की थोडा वेळ ठेवून ट्यूब मशीनमध्ये फिरवतो, मग तांबड्या पेशी खाली बसतात आणि वर पिवळसर पाणी येतं, ते सीरम. चांगल्या माणसाचं सीरम इतकं स्वच्छ असतं की ट्यूबच्या पलीकडं धरलेली अक्षरं वाचता येतात. आणि कधी कधी ट्यूब काढतो तर वर दूध. खरंच दूध, पातळ म्हशीच्या दुधासारखं पांढरं. कोलेस्टेरॉल नुसतं वाढलं तर सीरम पांढरं होत नाही, तो ३०० असला तरी पिवळं स्वच्छच दिसतं. पांढरं करतं ते ट्रायग्लिसराईड. ती ट्यूब रात्रभर फ्रीजमध्ये ठेवली तर कधी कधी वर साय येते.

अशी एक ट्यूब एका ट्रक ड्रायव्हर भाऊची होती, वय ४१, ट्रायग्लिसराईड ६४०. संध्याकाळी कागद बघून म्हणतो, "मी तर दोन महिन्यापासून अंडं-मटण शिवलं नाही ओ." खोटं बोलत नव्हता. मी म्हणलं दिवसभरात काय काय खाता सांगा. गाडीवर दिवसाला नऊ-दहा चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, सोबत खारी नाहीतर बिस्कीट, दुपारी ढाब्यावर भात, उन्हात थंडगार बाटली आणि रात्री मुक्कामाला दारू. यात कोलेस्टेरॉल जवळजवळ काहीच नाही. पण जास्तीची साखर, मैदा आणि दारू याचं लिव्हर काय करतं, तर त्याची चरबी बनवून रक्तात सोडतं. १५० च्या आत पाहिजे तो आकडा ५०० च्या पुढं गेला की स्वादुपिंडाला सूज यायची भीती सुरू होते आणि हजाराच्या वर ती फारच वाढते, तो त्रास जीवावर बेतू शकतो. त्यानं सोडलं होतं अंडं, आणि सोडायला पाहिजे होती साखर आणि दारू. मी त्याला त्याच संध्याकाळी डॉक्टरांकडं पाठवलं.

खारीचं नाव निघालंय तर बेकरीचं सांगतो. वनस्पती तूप म्हणजे तेलात हायड्रोजन घालून मुद्दाम गोठवलेलं तेल, त्यातून ट्रान्स फॅट नावाची चरबी तयार होते आणि ती सगळ्यात वाईट, एलडीएल वाढवते आणि एचडीएल पाडते, दोन्हीकडून मार. सरकारनं हे प्रमाण २०२१ ला ३ टक्के आणि २०२२ च्या जानेवारीपासून २ टक्क्यांवर आणलं, फार चांगलं झालं. पण ट्रान्स फॅट कमी झालं म्हणजे खारी, टोस्ट, क्रीमरोल हलके झाले असं नाही, पदर सुटायला गोठणारी चरबी लागतेच आणि ती पामची असली तरी सॅच्युरेटेडच. सकाळी उपाशी पोटी रक्त देऊन बाहेर पडणारा माणूस पहिल्यांदा चहा-खारीच घेतो, दारात उभा राहून मी बघतो आणि जीव तुटतो. भज्याच्या तेलाचं पण तसंच, तेच तेल परत परत तापवून काळं झालं, फेस यायला लागला, धूर लवकर निघायला लागला, तर ते खायच्या लायकीचं राहिलेलं नसतं. घरी तळण उरलं तर एकदा फोडणीला वापरा, परत तळायला नको.

मग तेल किती? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०११ च्या पुस्तिकेत बसून काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला २५ ग्रॅम आणि बाईला २० ग्रॅम वरचं तेल-तूप सांगितलंय, म्हणजे चार-पाच चहाचे चमचे, फोडणी, भाजी, पोळीचं तेल सगळं धरून. ग्रॅममध्ये कुणी मोजत बसत नाही म्हणून मी काय सांगतो, घरात चार मोठी माणसं असतील तर दिवसाला साधारण ९० ग्रॅम झालं. पाच लिटरच्या कॅनमध्ये साडेचार किलोच्या आसपास तेल असतं. म्हणजे तो कॅन दीड महिना पुरला पाहिजे. कॅन फोडला त्या दिवशी मार्करनं त्यावर तारीख टाका. आमच्या घरी पहिल्यांदा टाकली तेव्हा कॅन तेविसाव्या दिवशी संपला होता, बायको आणि मी दोघं त्या तारखेकडं बघत बसलो. आता चाळीसपर्यंत आलोय. काय केलं म्हणाल तर कॅनमधून सरळ कढईत ओतणं बंद, छोट्या बरणीत काढायचं आणि चमच्यानं घालायचं, बाकी काही नाही. लाकडी घाण्याचं तेल घेत असाल तर जरूर घ्या, वास चांगला, चव चांगली, पण ते पण तेलच, एका ग्रॅमला ९ कॅलरी त्यात पण असतात, घाण्याचं आहे म्हणून सढळ हातानं ओतू नका.

चटणीचा हिशोब पण इथंच लागतो. शेंगदाण्यात निम्मी चरबी असते हे खरं, पण त्यातली बहुतेक अनसॅच्युरेटेड, आणि सोबत प्रथिनं, फायबर. दोन चमचे चटणी म्हणजे वीस ग्रॅम धरा, शंभर-एकशेदहा कॅलरी, सॅच्युरेटेड दीड ग्रॅमच्या आत. एवढ्यानं कुणाचं एलडीएल वाढत नाही. उखळात कुटलेल्या चटणीला तिचंच तेल सुटलेलं असतं, मुठीत दाबली की मुटका होतो, आणि आपण त्यावर अजून शेंगतेल ओततो. आमची आई तर वाटीभर चटणीत खड्डा करून तेल भरायची. ते वरचं तेल सोडा, त्याऐवजी दही घ्या, आणि चटणी कडक भाकरीबरोबर खावा. भाकरी ज्वारीची, मालदांडी असली तर अजून छान.

आणि भाकरीबरोबर डाळ, मटकी, हुलगे, गवार, मेथी असं काही असू द्या. यातलं विरघळणारं फायबर एक फार मोठं काम करतं. लिव्हर कोलेस्टेरॉलपासून पित्त बनवतं, ते पित्त आतड्यात उतरतं आणि काम झालं की बरंचसं परत शोषलं जातं, म्हणजे तोच माल फिरून फिरून वापरला जातो. फायबर ते पित्त धरून शौचावाटे बाहेर काढतं, मग लिव्हरला नवीन पित्तासाठी नवीन कोलेस्टेरॉल लागतं आणि ते रक्तातल्या एलडीएलमधून ओढून घेतं. म्हणजे गेट परत उघडतं. इसबगोलचं पण काम हेच.

एवढं सगळं मनापासून केलं तर खाण्यानं एलडीएल साधारण दहा-पंधरा टक्के खाली येतं, कुणाचं जास्त, कुणाचं कमी. म्हणून डॉक्टरांनी गोळी दिली असेल तर भाकरी-डाळ सुरू केली म्हणून ती परस्पर बंद करू नका, ती गोळी पण लिव्हरची गेटंच वाढवते, दोन्ही एकाच दिशेनं काम करतात. आणि काही लोकांची गेटं जन्मापासूनच कमी असतात. अडीचशे-तीनशे माणसांत एक असा असतो. एक सडपातळ मुलगी आली होती, वय २९, घरी अंडं पण शिजत नाही, एलडीएल २४६. वडील बेचाळिसाव्या वर्षी अटॅकनं गेले होते. ती सारखी विचारत होती, माझं काय चुकलं? काहीच चुकलं नव्हतं. अशा घरात सख्ख्या भावंडांची, पोराबाळांची पण तपासणी करून घ्यावी लागते, कारण इथं पथ्य एकटं पुरत नाही.

मामांना मी चटणी चालू ठेवा म्हणलं, संध्याकाळचं फरसाण आणि टोस्ट बंद, तेलाच्या कॅनवर तारीख, आणि डॉक्टरांना कागद दाखवून तीन महिन्यांनी परत या. ते अजून यायचेत. ड्रायव्हर भाऊ मात्र मागच्या आठवड्यात आला. डॉक्टरांची गोळी चालू आहे, दारू सोडलीय, चहा तीनवर आणलाय आणि तो पण बिनसाखरेचा. ट्यूब फिरवून काढली आणि उजेडाकडं धरली, पिवळं सीरम, थोडं गढूळ होतं पण पलीकडचं कॅलेंडर दिसत होतं. संध्याकाळची वाट न बघता मी त्याला आत बोलावून ती ट्यूबच दाखवली.